विमानं उभी राहिली तर पगाराचं काय?

खारघरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात देतो.

‘मी ३७ वर्षांची आहे. आधी एका विमान कंपनीत क्रू रोस्टरिंगला, म्हणजे वैमानिक आणि केबिन क्रूच्या ड्युट्या लावायच्या कामाला, होते. ती बंद पडली, शेवटचे पगार बुडाले. गेली चार वर्षं बेलापूरला एका रिक्रूटमेंट एजन्सीत आहे. आम्ही परदेशातल्या एका मोठ्या एजन्सीसाठी माणसं शोधतो आणि ती एजन्सी आग्नेय आशियातल्या एका देशाच्या राष्ट्रीय विमान कंपनीला कंत्राटी वैमानिक पुरवते. सध्या डिसेंबरपर्यंत एअरबस ए३२० चे वीस कॅप्टन हवे आहेत. प्रत्येक कॅप्टनमागे मला इन्सेंटिव्ह मिळतो, निम्मा तो रुजू झाल्यावर आणि निम्मा त्याने तिथे सहा महिने काढल्यावर. आमच्या घराचा हप्ता बराचसा त्यातूनच जातो.

मागच्या आठवड्यात नाशिकच्या एका कॅप्टनचं जवळजवळ ठरलं. वय ४१, पंधरा वर्षं इथल्या एकाच कंपनीत, मोठी मुलगी नववीत. महिना १३ हजार डॉलर ऐकून ते तयार झाले. येत्या एक तारखेला राजीनामा देणार आहेत. मग त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्या शाळेत शिकवतात. प्रश्न वहीत लिहून ठेवले होते. घर कुठे, शाळेची फी कोण भरणार, व्हिसा किती वर्षांचा, तिथे गॅस असतो की इंडक्शन. मी सगळं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “करोनात झालं तसं विमानं पुन्हा उभी राहिली, तर यांचा पगार चालू राहील ना?” विमान कंपनी वैमानिकाला बिनपगारी रजेवर पाठवू शकते आणि ६० दिवसांच्या नोटिशीवर करार संपवू शकते, असं करारात लिहिलेलं आहे. मला ते कलम पाठ आहे. मी म्हणाले, “असं सहसा होत नाही, मॅडम.” त्या “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमचे साहेब म्हणतात, करार मेलवर पाठवलाय, वाचायचं काम त्यांचं. आपण नुसता दुवा. हे सगळं सांगत बसलं तर एकही कॅप्टन जाणार नाही. मला त्यांचं म्हणणं पटतंही. पण त्या “बरं”ने माझी झोप उडवली आहे. काय करू?’

खारघरच्या ताई,

तुमच्यासारख्याच एका फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. वैमानिक म्हणून ३२ वर्षांच्या नोकरीतली तीन वर्षं मी पूर्वेकडच्या एका देशात कंत्राटावर काढली. सही करण्याआधी एजन्सीतल्या मुलीला एका कलमाबद्दल विचारलं होतं. ती फार गोड बोलायची. म्हणाली, “स्टँडर्ड काँट्रॅक्ट आहे, कॅप्टन.” त्या चार शब्दांचं बिल मला केवढं आलं ते पुढे सांगतो. तुमचं ‘सहसा होत नाही’ हे त्या वाक्याचं सख्खं भावंड आहे. रागावू नका.

तुमचं वाक्य खोटं नाही, आणि अडचण तिथेच आहे. विमानं सहसा उभी राहत नाहीतच. पण त्या बाईंनी ‘सहसा’चं विचारलं नव्हतं, ‘तर’चं विचारलं होतं. पंधरा वर्षं उडवणारे कॅप्टन पगाराचा आकडा ऐकून खूश झाले आणि चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीने अख्ख्या करारातला एकुलता एक महत्त्वाचा प्रश्न विचारला. मला त्या वहीचं फार कौतुक वाटलं. गॅस की इंडक्शन हाही प्रश्न काही कमी नाही म्हणा. माझं पहिलं वर्ष इंडक्शनवर न बसणाऱ्या कुकरशी भांडण्यात गेलं.

‘तर’चं उत्तर २०२० मध्ये मिळालेलं आहे. कोरियन एअर ही काही लहानसहान कंपनी नव्हे, दक्षिण कोरियाचा झेंडा मिरवणारी कंपनी आहे. तिने १ एप्रिल २०२० पासून आपल्या सगळ्या परदेशी वैमानिकांना, म्हणजे जवळपास ३९० जणांना, तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर पाठवलं. सगळ्या, हा शब्द महत्त्वाचा. कोण चांगलं उडवतं, कोण दहा वर्षं आहे, असलं काही पाहिलं नाही. पासपोर्ट पाहिला. त्याच्या आधी, फेब्रुवारीतच, चीनमधल्या कंपन्यांनीही परदेशी वैमानिकांना बिनपगारी बसवायला सुरुवात केली होती. त्याच चिनी कंपन्या काही वर्षांपूर्वी वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात पगार देऊन जगभरातून कॅप्टन नेत होत्या.

मी त्या कंपन्यांना दुष्ट म्हणत नाही. कंत्राटी माणूस ठेवतात तोच मुळी यासाठी. राष्ट्रीय कंपनीला स्वतःच्या देशातला वैमानिक काढणं जड जातं. युनियन असते, मंत्रालय असतं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. बाहेरचा माणूस गेला तर विमानतळावर सोडायला त्याच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा येत नाही. म्हणून त्याला जास्त पगार देतात. १३ हजार डॉलरमधले काही हजार उडवण्याचे असतात आणि काही हजार ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटल्यावर निमूट जाण्याचे. हे कॅप्टनसाहेबांना कळलं तर पगार कमी वाटणार नाही, नीट वाटेल. जोखमीचा भत्ता आहे हे कळल्यावर माणूस त्यातला काही भाग बाजूला टाकतो. बक्षीस आहे असं वाटलं की त्याच महिन्यात गाडी बुक करतो.

आता तुमच्या साहेबांचं ‘नुसता दुवा’. या धंद्याची रचना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी वाचकांसाठी सांगतो. बऱ्याच कंत्राटांत वैमानिकाची सही विमान कंपनीच्या करारावर नसतेच. ती एजन्सीच्या करारावर असते. एजन्सीचं कार्यालय डब्लिनला किंवा ऑकलंडला, करार लागू होणार तिसऱ्याच देशाच्या कायद्याने, आणि विमानं चौथ्या देशात. काही बिनसलं तर माणसाने दार ठोठवायचं कुणाचं? विमान कंपनी म्हणते, हा आमचा नोकर नाही. एजन्सी म्हणते, निर्णय विमान कंपनीचा. या सगळ्या साखळीत मराठी बोलणारं, फोन उचलणारं, नाशिकच्या बाईंना ‘मॅडम’ म्हणणारं माणूस एकच आहे, ते म्हणजे तुम्ही. दुवा म्हणा हवं तर. पण सगळं वजन त्याच कडीवर आलंय.

‘वाचायचं काम त्यांचं’ हेही अर्धंच खरं. लोकांना वाटतं, वैमानिक म्हणजे चेकलिस्टवाला माणूस, ओळ न् ओळ वाचणार. अहो, आम्ही चेकलिस्ट वाचतो कारण शेजारी बसलेला दुसरा माणूस प्रत्येक ओळीला उत्तर देतो. करार एकट्याने वाचायचा असतो, रात्री अकराला, चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून आल्यावर. मी माझा वाचला होता. कलम १९ मध्ये लिहिलं होतं की करार पूर्ण केल्यास दर वर्षाचा एक याप्रमाणे तीन पगार बोनस, शेवटी एकदम. मला वाटलं, तीन वर्षं झाली की मिळणार. मी विचारलंही होतं, की शेवटी थोडं मागेपुढे झालं तर? त्यावर ते ‘स्टँडर्ड काँट्रॅक्ट’ आलं. तीन वर्षं संपायला ११ दिवस असताना सांगलीला वडील न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. माझी १४ दिवसांची रजा शिल्लक होती. पण शेवटच्या महिन्यात रजा घेता येत नाही, हे दुसऱ्याच पानावर, रजांच्या कलमात होतं. मी निघून आलो. अकरा दिवसांपायी तीन पगार गेले. भांडायला दोन मेल लिहिले, दोन्हींना एकच उत्तर आलं, त्यात कलमाचा क्रमांक आणि शुभेच्छा होत्या. त्या मुलीने मला फोनवर एवढंच सांगितलं असतं की ‘कॅप्टन, शेवटचा महिना रजा मिळत नाही, त्याआधी संपवा’, तर मी रजा आधी घेतली असती. मिनिटभराचं काम होतं.

पण नाशिकच्या कॅप्टनच्या बाबतीत मला बिनपगारी रजेपेक्षा मोठी काळजी दुसरीच वाटते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख ओझरता आला आहे. एक तारखेचा राजीनामा.

आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. कंपनीने ना-हरकत देऊन लवकर सोडलं तर गोष्ट वेगळी. पण कॅप्टनचा सगळीकडे तुटवडा असताना कोण सोडतंय? इंडिगोने जून २०२३ मध्ये एका दमात ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० ची. ती विमानं येताहेत, त्यांना डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टनच्या जागी, बसणारी माणसं हवी आहेत. म्हणजे हे गृहस्थ येत्या एक तारखेला राजीनामा देतील आणि पुढच्या वर्षीच्या एक तारखेपर्यंत इथेच उडवतील. तुमचे वीस कॅप्टन तर या डिसेंबरपर्यंत हवे आहेत. हे गणित जुळवलंय कुणी? तुमच्या साहेबांनी जुळवलं असेल तर आनंदच आहे. माझा अनुभव सांगतो की बऱ्याचदा ‘बघू, कंपनी सोडेल’ एवढ्यावर ते उभं असतं.

त्या वर्षभरात पलीकडे काय होईल? ऑफर लेटर नीट काढून बघा. त्यात ‘अधीन राहून’ हे शब्द किती वेळा आलेत ते मोजा. सिम्युलेटरच्या चाचणीला अधीन, तिथल्या मेडिकलला अधीन, परवान्याच्या पडताळणीला अधीन, वर्क परमिटला अधीन, आणि कंपनीच्या गरजेला अधीन. वैमानिक राजीनाम्याने बांधला जातो आणि विमान कंपनी कशानेच बांधली जात नाही. वर्षभरात तेल महागलं, विमानं कमी केली, तिथले स्वतःचे को-पायलट कॅप्टन झाले, तर एक मेल येतो. इकडे राजीनामा मागे घेऊ द्यायचा की नाही हे जुन्या कंपनीच्या मर्जीवर, आणि तोवर ट्रेनर व्हायची संधी दुसऱ्याला गेलेली असते.

म्हणून राजीनामा हा या सगळ्या पायऱ्यांतला शेवटचा असायला हवा आणि तुमच्या धंद्यात तो पहिला करून घेतात. ‘सर, नोटीस टाकून ठेवा, बाकीचं होत राहील.’ माणूस एकदा नोटीस देऊन बसला की घासाघीस करत नाही, म्हणून. हे तुम्हीही कुणाला तरी सांगितलं असेल. उलटा क्रम असा: रजा टाकून सिम्युलेटरची चाचणी आणि तिथलं मेडिकल आधी देऊन घ्यायचं. मग रुजू होण्याच्या तारखेसह लेखी ऑफर, आणि त्यात भारतातल्या एक वर्षाच्या नोटिशीचा स्पष्ट उल्लेख. मग इथल्या कंपनीकडे लवकर सोडता का, अशी विचारणा. मग राजीनामा. ऑफर मधेच मागे घेतली तर काही महिन्यांची भरपाई मिळेल का, हेही विचारायचं. बहुतेक ठिकाणी ‘नाही’ येईल. पण ‘नाही’ लेखी आलं की निदान घरात बसून हिशेब करता येतो.

मेडिकलवरून आठवलं. तिथला परवाना कसा मिळणार, स्वतंत्र की भारतीय परवान्यावर नुसती मान्यता, हे विचारून घ्या. मान्यता असेल तर मूळ परवाना आणि इथलं मेडिकल जिवंत ठेवावं लागतं. २०२३ पासून आपल्या व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा झाली, म्हणून लोक निर्धास्त होतात. मेडिकलची मुदत काही दहा वर्षं नाही. रजा त्या तारखांना जुळवून घ्यावी लागते. आणि मूळ देशातल्या कारभाराचा फटका परदेशात कसा बसतो ते व्हिएतनाममध्ये दिसलं. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी तिथल्या संसदेत सांगितलं की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. लगेच व्हिएतनामने पाकिस्तानी परवान्याच्या सगळ्या वैमानिकांना खाली बसवलं. चांगले कोण नि वाईट कोण ते नंतर बघू म्हणाले. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवरून आपल्याकडेही अटका झाल्या होत्या, तेव्हा आपण फार हसायला नको. फक्त लॉगबुक, जुन्या चाचण्यांचे कागद, सगळं शिक्क्यानिशी एका फाइलीत ठेवायला सांगा.

‘टॅक्स फ्री’ हा शब्द तुमच्या जाहिरातीत असेल तर काढून टाका. स्थानिक कर विमान कंपनी भरते एवढाच त्याचा बऱ्याचदा अर्थ असतो. इकडचं आयकर खातं आर्थिक वर्षातले दिवस मोजतं. १८२ दिवस भारतात झाले की माणूस रहिवासी, आणि रहिवाशाचा परदेशातला पगारही इथल्या हिशेबात येतो. म्हणजे सप्टेंबर उलटून गेल्यावर निघालेल्या कॅप्टनला त्या पहिल्या वर्षात ‘टॅक्स फ्री’ विसरावं लागतं.  सीएला दोन हजार रुपये देऊन विचारावं, कॅप्टनच्या क्रूरूममध्ये विचारू नये. तिथे प्रत्येकाचा मेहुणा सीए असतो.

आता तुमची खरी भीती. सगळं सांगितलं तर कोणी जाणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. मी स्वतः गेलो होतो आणि पुन्हा जाईन, फक्त कलम १९ बघून. कंत्राट हा वाईट सौदा नाही. तो चुकीच्या माणसाला विकला की वाईट होतो. साठीच्या जवळ आलेला कॅप्टन, ज्याची मुलं मार्गी लागली आणि ज्याला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पासष्टीपर्यंत उडवता येतं, त्याला सीनियॉरिटी गेल्याचं दुःख नसतं. ज्याची कंपनीच बुडाली त्याच्याकडे गमवायला काही नसतं. एकटा आहे, कर्ज नाही, नवीन देश बघायचाय, असेही असतात. या लोकांना तुम्ही ६० दिवसांची नोटीस मोठ्याने वाचून दाखवलीत तरी ते जातील. एकेचाळीस वर्षांचा, पंधरा वर्षांची सीनियॉरिटी असलेला, मुलगी नववीत असलेला माणूस हा तुमच्या यादीतला सगळ्यात जास्त गमावू शकणारा उमेदवार आहे. तो परत आला तर नव्या कंपनीत यादीच्या तळाशी, कदाचित काही काळ उजव्या, को-पायलटच्या खुर्चीत. दहावीच्या वर्षी मुलीला न्यायचं की आईपाशी ठेवायचं हा प्रश्न तर करारात कुठेच नसतो. आणि तरीही तो जाऊ शकतो. जाऊ नये असं मी म्हणत नाही. वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल, बायकोची नोकरी चालू राहणार असेल, तर तीन वर्षांत गृहकर्ज संपतं, हेही मी पाहिलंय.

तुमच्या इन्सेंटिव्हकडेही बघा. निम्मा सहा महिन्यांनंतर मिळतो. फसवलं गेल्यासारखं वाटणारा माणूस सहा महिने काढत नाही, लाइन चेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणातल्या शेवटच्या परीक्षेच्या, आधीच परततो. बायकोने पहिल्या महिन्यात करार वाचला की घरचे फोन सुरू होतात. सांगून-सवरून गेलेला माणूस टिकतो. तुमच्या साहेबांशी बोलताना सचोटीबिचोटी काढू नका, हे गणित काढा.

बाहेर माणसं पाठवून आपण देशाचं नुकसान करतोय का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण हे काम करणारे बरेचजण मला विचारतात. सरकारला तसं वाटतं खरं. वर्षाची नोटीस त्यातूनच आली आणि २०२५ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढेही हा मुद्दा नेला, की एका देशाने शिकवलेली माणसं दुसऱ्याने उचलून न्यायला काही आचारसंहिता हवी. पण आपल्याच कंपन्यांनी वर्षानुवर्षं परदेशी कॅप्टन कंत्राटावर आणले आहेत. त्यांना जी तात्पुरती परवानगी मिळते तिचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘फाटा’. आम्ही को-पायलट असताना म्हणायचो, हा फाट्यावरून आलाय, पगार हायवेचा घेतोय. तेव्हा त्यांच्या पगाराकडे बघून पोटात दुखायचं. मंदी आली की ते सगळ्यात आधी जायचे तेव्हा मात्र आमच्यातल्या कोणी त्यांच्यासाठी चहासुद्धा सांगितला नाही. मी बाहेर गेल्यावर तिथल्या को-पायलटांच्या नजरा मला ओळखीच्या वाटल्या. तेव्हा तुम्ही देशाचा भार डोक्यावर घेऊ नका, समोरच्या घराचा घ्या, तेवढा पुरे.

एक गोष्ट मात्र स्वतःसाठी तपासा, आजच. परदेशी नोकरीसाठी भारतात माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाकडे होते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते. बरेचजण समजतात की हे फक्त आखातात गवंडी नि सुतार पाठवणाऱ्यांसाठी आहे, कॅप्टनला काय त्याचं. तुमची बेलापूरची कंपनी त्या यादीत आहे का? नसेल तर तुमचा प्रश्न झोपेपुरता राहत नाही, कायद्यात तुरुंगवास आहे. उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्कालाही ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढी मर्यादा आहे. वैमानिकांच्या बाबतीत चांगल्या एजन्स्या उमेदवाराकडून काहीच घेत नाहीत, विमान कंपनीकडून घेतात. हे वाचणाऱ्या तरुण वैमानिकांनीही लक्षात ठेवा. ‘फाइल चार्ज’, ‘सिम स्लॉट बुकिंग’ असल्या नावाने कोणी लाखात पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा.

साहेबांकडे जाताना एक कागद घेऊन जा. एकाच पानाचा, मराठीत किंवा हिंदीत, जो पहिल्या फोननंतर प्रत्येक उमेदवाराला व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल. करार कोणाशी आणि कोणत्या देशाच्या कायद्याने. ट्रेनिंगच्या काळात पगार किती, आणि लाइन चेक झाला नाही तर खर्च कोणाच्या बोकांडी. बिनपगारी रजा केव्हा. नोटीस त्यांची किती, यांची किती. आजारी पडून मेडिकल गेलं तर किती दिवस पगार, आणि परवाना गमावल्याचा विमा कोण काढणार. बोनस कधी बुडतो. सगळं करारातूनच उचललेलं, तुमचं एकही मत नको. मत नसलं की साहेबांना आक्षेप घेता येत नाही. ते म्हणतीलच, ‘करार पाठवलाय ना?’ तुम्ही म्हणा, ‘हो, त्यातलंच आहे, फक्त चाळीस पानांऐवजी एक.’ तरीही नको म्हणाले तर मात्र तुम्हाला बरंच काही कळलेलं असेल. लगेच नोकरी सोडा असं मी सांगणार नाही, हप्ता तुमचा आहे, माझा नाही. पण रोस्टरिंग येणाऱ्या माणसाला आज विमान कंपन्यांत मागणी आहे. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांतीचा नवा नियम आल्यापासून रोस्टर बसवणं म्हणजे कोडं झालंय. बायोडेटा तयार ठेवा.

आणि नाशिकला फोन करा. एक तारखेच्या आधी, आणि कॅप्टनना नव्हे, त्यांच्या पत्नीला. प्रश्न त्यांचा होता. माफीची लांबण लावू नका, त्याने समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. सरळ म्हणा, “मॅडम, तुम्ही त्या दिवशी पगाराचं विचारलं होतंत, माझं उत्तर अपुरं होतं. तसं झालं तर पगार थांबू शकतो. मेलमध्ये करार आहे, त्यातलं कलम वाचून दाखवते.” मग वाचा, इंग्रजीत जसं आहे तसं, आणि खाली मराठीत अर्थ सांगा. राजीनामा सगळ्यात शेवटी द्यायचा, तेही त्यांनाच सांगा. त्या बाई वहीत लिहून घेतील. तुमच्या एजन्सीत फोन रेकॉर्ड होत असतील तर होऊ देत, तुम्ही करारच वाचताय.

शाळेतून त्या दुपारी उशिरा घरी येत असतील. साडेपाचनंतर करा, चहा झालेला असेल.